मिठाचे आजोबा

"आज आजोबा कोण घालणार?"

सकाळी साडेनऊला प्रात्यक्षिकाच्या हॉलमध्ये शिरताना सर हा प्रश्न विचारायचे आणि तीस जणांचा वर्ग एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागायचा. नव्याने आलेल्या मुलामुलींना वाटायचं, सरांची जीभ घसरली. मग सर कपाटातून आजोबा काढून टेबलावर आडवे घालायचे. टेबल करकरायचं आणि नव्यांच्या तोंडावरचं हसू जायचं.

आजोबा म्हणजे एक अंगरखा होता. जाड कॅनव्हासचा, सरांनी स्वतः पायमशीनवर शिवलेला. खांदे, पाठ, दंड, मांड्या, सगळीकडे कप्पे, आणि कप्प्यांत मीठ. त्याच्या जोडीला गुडघ्यांना बांधायच्या बांबूच्या कामट्या, एकावर एक चढवायचे तीन हातमोजे, कानात कोंबायचा कापूस आणि मांडवाला लावतात त्या पिवळ्या जिलेटिन कागदाचा चष्मा. बुटांत मूठमूठ कडवे वाल टाकायचे, म्हणजे पाऊल टेकलं की तळवा कळवळतो. एवढं सगळं चढवलं की वीस वर्षांचा धडधाकट मुलगा ऐंशीचा व्हायचा. जमिनीवर बसला की उठता उठत नसे. बाकीचे हसायचे, आणि सर हसणाऱ्याला दुसऱ्या दिवशीसाठी हेरून ठेवायचे.

उरणला आमची एक लहानशी खाजगी संस्था होती. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा कशी करायची, ते आम्ही सहा महिन्यांत शिकवायचो. शिकलेली मुलंमुली पुढे मुंबईच्या, नव्या मुंबईच्या फ्लॅटांत पेशंट सांभाळायला जायची. सर प्रात्यक्षिक घ्यायचे, मी औषधं आणि स्वच्छता शिकवायचे. बारा वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. त्यातली निम्मी वर्षं मला ह्या माणसाचा वैताग आला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

वैताग यायला कारणं होती. पहिलं कारण त्यांचं दहा मोजणं. "म्हाताऱ्या माणसाला काही विचारलं की मनात दहा मोजायचे," हे त्यांचं पहिल्या दिवसाचं पहिलं वाक्य. "आवाज कानात शिरायला वेळ, डोक्यात पोचायला वेळ, उत्तर जिभेवर यायला वेळ. तुम्ही दोनला पुन्हा विचारलंत की अर्ध्या वाटेवर आलेलं उत्तर मागं फिरतं. मग तुम्हीच म्हणता, आजींना काही समजत नाही." शिकवण म्हणून हे सोन्यासारखं होतं. पण सरांनी ते अंगातच मुरवून घेतलेलं. त्यांना कोणीही काहीही विचारलं तरी ते मांडीवर बोटं टेकवत दहा मोजूनच तोंड उघडायचे. फोनवर लोक "हॅलो, हॅलो" करून ठेवून द्यायचे. एकदा संस्थेच्या अध्यक्षांनी चिडून विचारलं, की या खेपेला विद्यार्थी इतके कमी का? सर त्यांच्याकडे शांतपणे बघत राहिले. सात-आठ होईपर्यंत अध्यक्षांना घाम फुटला आणि त्यांनी स्वतःच जाहिरात उशिरा दिल्याचं कबूल करून टाकलं. सर म्हणाले, "बघा बाई, थांबलं की उत्तर येतं."

दुसरं कारण मीठ. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, हे मिठागरात वाढलेल्या माणसाला मी काय सांगणार? तरी सांगितलं. आषाढात आजोबा ओलेगच्च होऊन टपटप गळायचे, हॉलच्या फरशीवर खारट ओघळ यायचे, मुलांच्या मानेला चरचरायचं. बुटांतल्या वालांना तर एका वर्षी मोड आले आणि मुलींनी त्यांचं बिरडं करायचं का म्हणून सरांना गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, सर, सरळ वाळू भरा. आजूबाजूला वाळूला काय तोटा आहे?

दहा मोजून म्हणाले, "वाळूला म्हातारपण न्हाय, बाई. मीठ झिजतं."

मला वाटलं, नेहमीचा हटवादीपणा. खरं काय ते मला त्यांच्या बायकोकडून कळलं. सरांच्या वडिलांचं मिठागर भराव घालून सपाट झालं, आता तिथे कंटेनर रचलेले असतात. भरावाच्या आधीच्या उन्हाळ्यात जे शेवटचं मीठ निघालं, त्याच्या तीन गोणी सरांनी घरी आणून माळ्यावर टाकल्या होत्या. बायकोने विचारलं, एवढं मीठ खाणार कोण? त्यावर सर अंगरखा शिवायला बसले. त्यानंतर मी मिठाबद्दल बोलणं सोडलं.

सरांचा दंडक असा की आजोबा घातले की संध्याकाळपर्यंत काढायचे नाहीत. त्यातच जेवायचं, संडासला जायचं, सुईत दोरा ओवायचा आणि बाजारात जाऊन मासळी आणायची. मासळीबाजारातल्या मावशींना ह्या प्रकाराची इतकी सवय झालेली, की लांबूनच ओरडायच्या, "आला गो मास्तराचा म्हातारा!" पिवळ्या चष्म्यातून बोंबील ताजा की शिळा ते दिसत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलेलं. उरलासुरला माल त्या प्रेमाने ह्या मुलांच्या पिशवीत घालायच्या. सर भांडायला जातील असं मला वाटलं होतं. त्यांनी उलट ते बोंबील वर्गासमोर मांडून विचारलं, "तुमच्या पेशंटच्या घरात शिळं दूध कोण पितं, आता कळलं का?" मग सगळे वास घेत बसले, आणि पुढच्या तासाला मला खिडक्या उघडून शिकवावं लागलं.

स्वतःही ते अधूनमधून आजोबा घालून गावातून फिरायचे. एसटीचा कंडक्टर म्हणायचा, "काय मास्तर, आज पुन्हा वय झालं वाटतं?" हे ऐकून सर खूष व्हायचे. त्यांना मनापासून वाटायचं, की म्हातारपण अंगावर चढवून बघितलं की माणूस आपोआप मऊ होतो. मला तसं वाटत नव्हतं. आजोबा घालून रडलेल्या मुली चार महिन्यांनी पेशंटच्या अंगावर खेकसताना मी पाहिल्या होत्या. आणि दुसऱ्या कोणाबद्दल कशाला, मी माझ्याच घरात पाहत होते.

आईला कंपवात होता. तळा तालुक्यातल्या एका गावात आमची थोडी भातशेती. वडील गेल्यावर मी तिला उरणला माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणलं. भाऊ पनवेलला, फोनवर काळजी करणारा. सकाळी मी संस्थेत असताना शेजारच्या काकू तिच्यावर लक्ष ठेवायच्या, दुपारी दीडनंतर सगळं माझ्यावर. भरवायचं, पुसायचं, कूस बदलायची, रात्री चार वेळा उठायचं. अडीच वर्षं मी सलग झोपले नव्हते. वर्गात मी "रुग्णाशी हळुवार बोला" असं फळ्यावर लिहायचे आणि घरी येऊन आईला म्हणायचे, "चल चल, उघड तोंड, मला दुसरी कामं नाहीत का?" मला माझी लाज वाटायची. पण लाजेने थकवा जात नाही.

शेवटी मी एका वृद्धाश्रमाचा अर्ज आणला. अर्जाखाली रुग्णाची अवस्था समक्ष पाहिलेल्या जाणकाराची सही हवी होती. ती झाली की आठ दिवसांत आईला तिकडे सोडायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. आईला मी सांगितलं नव्हतं. सरांपुढे अर्ज ठेवला.

त्यांनी दहा मोजले. "आधी त्यांना भेटतो."

रविवारी सकाळी ते आले. खुर्ची दिली ती नाकारून आईच्या गादीशेजारी खालीच बसले. "आई, कशा आहात?" असं विचारून मांडीवर बोटं टेकवायला लागले. मी म्हणणार होते, ती हल्ली बोलत नाही. तेवढ्यात नवव्या बोटाला आई म्हणाली, "बरी हाय."

मी दारात उभीच राहिले. कित्येक महिन्यांत मी तिचं उत्तर ऐकलं नव्हतं, कारण दोनच्या पुढे कधी थांबलेच नव्हते. नंतर तासभर त्या दोघांच्या गप्पा चालल्या, मध्ये लांब लांब थांबत. आईच्या लहानपणी उरणकडचं मीठ तिच्या गावात यायचं, भात मोजून द्यायचं आणि मीठ घ्यायचं. "आमचं मीठ जाडं असायचं ना, आई?" सर विचारायचे. थांबून आई म्हणायची, "जाडं व्हतं. पन ग्वाड." दोघं हसायचे. हसता हसता आईने पाण्याच्या भांड्याकडे हात नेला आणि तिच्या झंपरची बाही वर सरकली. दंडावर काळीनिळी चार बोटं उमटलेली होती.

ती माझी बोटं होती. शुक्रवारी पेज तिसऱ्यांदा सांडली, मला संस्थेत जायला उशीर झालेला, आणि मी तिला दंडाला धरून एका हिसक्यात उभं केलं होतं. सरांनी ते पाहिलं. त्यांनी पाहिलेलं मी पाहिलं. आईने बाही खाली ओढायचा प्रयत्न केला, पण थरथरत्या हाताला ती सापडेना.

सर उठले. अर्ज घडी करून खिशात घातला आणि दारात चपला घालताना म्हणाले, "सही करतो. पुढच्या रविवारी आजोबा घेऊन येतो. आठ वर्षांत तुम्ही एकदाही घातले नाहीत, बाई."

सही हवी होती, म्हणून मी हो म्हटलं.

आषाढ होता. पुढच्या रविवारी सर रिक्षातून उतरले तेव्हा मांडीवरच्या आजोबांनी त्यांची पँट ओली केली होती. त्यांनी एकेक बंद बांधला. अंगरखा थंडगार, चिकट आणि माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी जड होता. कानात कापूस गेला, डोळ्यांपुढे पिवळं झालं. कामट्या बांधलेले पाय पसरून मी आईच्या शेजारी बसले. आई माझ्याकडे टकमक बघत होती. मला वाटलं, आता सर नेहमीसारखं सुईदोरा देतील.

सरांनी पेजेची वाटी आणली. आणि म्हणाले, "चल चल चल. उघड तोंड. उशीर होतोय मला."

आठ वर्षांत त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. चमचा दातांवर आपटला. गिळायच्या आत दुसरा आला. पेज हनुवटीवरून ओघळली, ती त्यांनी फडक्याने खसकन पुसली. "पाणी हवंय का? नको ना? बरं." मी तोंड उघडत होते, तोवर भांडं गेलेलं. पिवळ्या चष्म्यातून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. नुसता एक हात दिसायचा, यायचा आणि जायचा. "रोजचंच झालंय तुझं. ऊठ. ऊठ म्हणते ना!" मी कूस वळवायला गेले, कामट्यांमुळे वळता येईना. आणि मग त्यांनी माझा दंड धरला, बरोबर त्याच जागी, आणि ओढला.

मला रडू फुटलं. दुखलं म्हणून नाही. शब्द माझे होते. सरांना ते कोणी सांगितले नव्हते, आईने तर नाहीच. थकलेल्या माणसाची भाषा सगळ्या घरांत एकच असते, आणि सरांनी बरीच घरं पाहिली होती.

तेवढ्यात आईचा आवाज आला. इतका मोठा आवाज तिच्यात उरला असेल असं मला वाटलं नव्हतं. तिने दोन्ही थरथरत्या हातांनी सरांचं मनगट धरलं होतं.

"सोड तिला! वढू नको माझ्या पोरीला. दमलीय ती. पहाटंपास्नं उभी असती, रात्री डोळ्याला डोळा न्हाय. तिला कोन इचारतं का, जेवलीस का म्हनून? येवढा मास्तर तू, आन् तुला दिसत न्हाय व्हय?"

स्वतःच्या दंडाबद्दल तिने कधी एक शब्द काढला नव्हता.

सरांनी हात सोडला. ते खाली बसले. मांडीवरची बोटं हलत नव्हती. दहा होऊन गेले, वीस झाले असतील. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवून निघून गेला. मग ते म्हणाले, "आई, चुकलो. मला न्हाय दिसलं."

माझे बंद त्यांनीच सोडले. फरशीवर मिठाचं पाणी साचलेलं, ते त्यांनीच पुसलं. खिशातून अर्ज काढून त्यावर सही केली आणि तो माझ्यापुढे ठेवला. शब्द दिला होता, तो पाळला. "पाठवायचा की नाही, ते तुम्ही बघा," एवढंच बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता दारावर टकटक झाली. आमच्या दोन विद्यार्थिनी वह्या घेऊन उभ्या.

"सरांनी पाठवलंय. प्रात्यक्षिक आहे."

"कसलं?"

"आजींजवळ आम्ही बसायचं. तुम्ही झोपायचं, दोन तास." दुसरी म्हणाली, "तुम्ही किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, ते वहीत लिहून आणायला सांगितलंय."

मी रागावले. मग झोपले. उठले तेव्हा साडेचार झाले होते आणि आई त्या मुलींना मिठाची गोष्ट सांगत होती. त्यानंतर आळीपाळीने रोज मुली येत राहिल्या. सरांनी सगळ्याच तुकड्यांना नवा पाठ घातला. पेशंटच्या घरी गेलात की पेशंटला हात लावण्याआधी घरात त्याचं करतं कोण, ते विचारायचं आणि त्या माणसाला दोन तास झोपवायचं. अध्यक्षांनी विचारलं, हे अभ्यासक्रमात कुठे आहे? सरांनी नुसते दहा मोजले.

तो अर्ज मी पाठवला नाही. मी काही साध्वी झाले नाही, त्यानंतरही आईवर पुष्कळ ओरडले. पण तिच्या दंडाला पुन्हा हात घातला नाही. ती आणखी दोन वर्षं होती. सरांनी मला त्या रविवारबद्दल एका शब्दाने कधी विचारलं नाही आणि मीही त्यांचे आभार मानले नाहीत. मानायला हवे होते.

पुढे संस्था बंद पडली. शेवटच्या वर्षी आजोबा अगदी हलके झाले होते. दर पावसाळ्यात थोडं थोडं मीठ गळून जायचं, आणि विकतचं मीठ घालायला सर तयार नव्हते. "आता ह्यांच्यापेक्षा माझंच वजन जास्त," असं म्हणून त्यांनी अंगरखा घरी नेला. मी तळ्याला, आमच्या गावी परतले. माझेही गुडघे आता कुरकुर करतात, त्यासाठी कामट्या लागत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात सरांच्या सुनेचा फोन आला. सरांना अर्धांगवायूचा झटका येऊन चार महिने झाले होते, बोलणं जवळपास गेलेलं, आणि त्यांची बायको तर आधीच गेली होती. मुलगा आणि सून दोघं नोकरीला. दिवसभर सांभाळायला एक बाई ठेवलेली, ती आमच्याच संस्थेत शिकलेली. "तुम्ही या एकदा," सून म्हणाली. "दार नुसतं लोटलेलं असतं."

दुपारी तीनच्या सुमाराला मी दार लोटलं. भिंतीवरच्या खुंटीला रिकामा अंगरखा टांगलेला, त्यावर मिठाचे पांढरे डाग. सर चाकांच्या खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर पडलेला, हनुवटीवर पेज वाळून चिकटलेली, लुंगी ओली. आणि त्यांच्या पायाशी, खुर्चीच्या चाकाला डोकं टेकून ती बाई गाढ झोपली होती. मांडीत पेजेची वाटी तशीच. मी तिला ओळखलं. वर्गात पहिल्या बाकावर बसायची, आता दोन मुलांची आई. सून मला नंतर म्हणाली, की सकाळी ती आणखी एका घरचं करून मग इथे येते.

माझं डोकं फिरलं. सरांना असं ओल्यात बसवून ही झोपते? तिला हाक मारायला मी तोंड उघडलं, आणि सरांच्या डाव्या हाताचं बोट त्यांच्या ओठांवर गेलं.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "सर, उठवू तिला?"

त्यांचे ओठ हलायला लागले. मी मांडीवर बोटं टेकवली. एक. दोन. सातला माझे डोळे भरून आले, पण मी मोजत राहिले. नऊला शब्द आला, तुटका आणि ओला.

"दोन... तास."

मग त्यांनी डोळ्यांनी घड्याळ दाखवलं, एक बोट वर केलं आणि पुन्हा पुष्कळ वेळाने म्हणाले, "एक... झाला."

मी चपला काढून बाहेर ठेवल्या. तिच्या मांडीतली वाटी हलकेच उचलली. ओल्या फडक्याने सरांची हनुवटी पुसली, चाक न हलवता त्यांची लुंगी बदलली. बराच वेळ लागला. ती हलली नाही. मग मी भिंतीला टेकून खाली बसले आणि आम्ही दोघं घड्याळाकडे बघत राहिलो. तिला उठायला अजून पाऊण तास होता.